इंजिनियर मुलाच्या हातास घट्टे हवेत

खेड, मावळ आणि हवेली या तालुक्यांतील जमीनधारक कुटुंबांत हल्ली असे घर विरळाच सापडेल की, ज्यात एखादा इंजिनियर झालेला किंवा होऊ घातलेला मुलगा नाही. यात नवल करण्याजोगे काही नाही. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि त्यानंतर भोसरी, चिंचवड, आकुर्डी अशी एकामागून एक गावांची शिवारे पेरणीतून निघून कारखान्यांखाली गेली. पुढे तीच लाट इंद्रायणी ओलांडून कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी या चाकणच्या बाजूच्या गावांत शिरली. तेथे १९९९ साली बजाज ऑटोचा आणि २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. महसूल खात्यात कारकून असता या स्थित्यंतराचे कागद आम्ही पुष्कळ हाताळले आहेत. संपादनाची नोटीस, हरकती, निवाडा, मोबदल्याची पावती आणि शेवटी सातबाऱ्यावरील फेरफार, एवढ्या पाच कागदांत चार पिढ्यांची जमीन संपते. त्या मोबदल्याचा पैसा कोठे गेला म्हणाल तर काही बंगल्यात, काही मोटारीत, आणि पुष्कळसा मुलांच्या इंजिनियरिंगच्या फीत.

तेव्हा जमीन देऊन जो इंजिनियर घरात आणिला, त्याच्या हातून काय होते, हे विचारण्याचा अधिकार शेतकऱ्यास खचित आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, ज्यास पाना, कानस आणि मापक हाताळता येत नाही तो दाखल्यावर इंजिनियर असला तरी कामावर नव्हे. आणि शेतकऱ्याच्या मुलाच्या ठिकाणी हा हात मुळात असतो, तो पुढे अभ्यासाच्या नावाखाली घरातल्या घरातच काढून घेतला जातो. हे दुसरे म्हणणे पुष्कळांस रुचणार नाही, म्हणूनच ते सविस्तर मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गेल्या वैशाखात भामा नदीकाठच्या एका गावी घडलेली हकीकत सांगतो. उन्हाळी भुईमूग ऐन शेंगा भरण्यात होता आणि विहिरीचे पाणी पूर्वी कधी गेले नव्हते इतके खोल गेले होते. काठावरील पाच अश्वशक्तीचा पंप फिरत होता, परंतु पाणी चढत नव्हते. घरधन्याने फूट-व्हॉल्व्ह बदलला, ग्लँडची दोरी बदलली, तीन वेळा पंपात पाणी भरून पाहिले. मेकॅनिक आणविला, त्याने पंप उघडला, पंखा साफ केला आणि मजुरी घेऊन तो गेला. घरचा मुलगा मेकॅनिकल शाखेचा पदवीधर, चाकणच्या एका कारखान्यात नोकरीस. तो रजेवर येऊन ओसरीवर बसला होता. त्यास आम्ही विचारिले, "बाळ, हवेचा दाब पाण्यास किती उंच ढकलतो?" तो क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, "१०.३ मीटर." "बरे, मग विहिरीत पाणी किती खोल आहे?" ते त्याने पाहिले नव्हते.

दोर सोडून मोजले तो पाणी पंपापासून २९ फूट खोल भरले. पंप पाणी ओढतो असे आपण बोलतो, परंतु वस्तुतः पंप केवळ पोकळी करितो आणि त्या पोकळीत पाण्यास खालून बाहेरची हवा ढकलीत असते. हवेचे हे बळ सुमारे ३४ फुटांचे. त्यातून नळातील घर्षण, सांध्यांतून शिरणारी हवा आणि दाब उतरला असता पाण्याची वाफ होऊ पाहण्याचा धर्म, इतके वजा जाता व्यवहारात २० ते २२ फूटच पदरात पडतात. दुसऱ्या दिवशी पंप विहिरीतील टप्प्यावर दहा फूट खाली उतरविला आणि दुपारी पाट वाहू लागला. मुलाने हे गणित परीक्षेत सोडविले होते, त्यास पूर्ण गुणही मिळाले होते. परंतु ते गणित आपल्या बापाच्या विहिरीचे आहे हे त्यास कोणी दाखविले नव्हते. मुलगा हुशार आहे, आणि त्याच दिवशी त्याने आपण होऊन नळाच्या प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून, पंप बंद असता उरलेल्या दाबाने कोठे बुडबुडे येतात काय हे पाहिले. म्हणजे बुद्धीचा तोटा नव्हता.

घरचे दुसरे काम मोटरच्या पेटीचे. तीन फेजांपैकी एक गेला म्हणजे चालती मोटर थांबत नाही. ती गुणगुणत फिरत राहते, उरलेल्या दोन तारांतून जवळजवळ पावणेदोन पट वीज ओढते आणि थोड्याच वेळात तिची वेटोळी जळतात. याच्या रक्षणार्थ पेटीत ओव्हरलोड रिले बसविलेला असतो. तो वारंवार तुटतो म्हणून आमचे शेतकरी बंधू त्यास तारेने बगल देतात किंवा बटणात लाकडाची पाचर मारितात; मोटर रिवाइंडिंग करणाऱ्याचा संसार त्या पाचरीवर चालतो. अंगणात इंजिनियर असलेल्या घरी तरी ही पाचर दिसू नये. रिले किती अँपिअरवर बांधावा हे मोटरवरील पट्टीवर लिहिलेले असते. पट्टी वाचणे, पेचकसाने तेवढा आकडा लावणे, कपॅसिटर जागेवर आहे की नाही हे पाहणे, हे अर्ध्या तासाचे काम आहे. महावितरण कपॅसिटर बसवा म्हणून शेतकऱ्यांस सांगत असते, परंतु तो कशाकरिता हे समजावून देणारा मनुष्य घरातलाच असता तर त्या सांगण्याचा उपयोग अधिक झाला असता.

आता कामावरील गोष्ट. आपल्या महाराष्ट्रात यंत्रविद्येचा पाया ज्यांनी घातला त्यांचे चरित्र या बाबतीत फार बोलके आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे चित्रकला शिकावयास मुंबईस गेले. परंतु रंग ओळखण्यात त्यांच्या डोळ्यांत दोष निघाल्याने ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. इंजिनियरची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. यंत्र उघडावे, पुन्हा जोडावे, हीच त्यांची शाळा. नोकरी सोडून ते बेळगावी आले, सायकली विकू व दुरुस्त करू लागले, मग कडबा कापण्याचे यंत्र केले आणि १९०३ साली लोखंडी नांगर. हा नांगर प्रथम कोणी घेईना. लोखंडाने जमिनीस विष चढते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती, आणि सुमारे दोन वर्षे नांगर पडून राहिले. लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांच्या आश्रयाने १९१० साली कुंडलच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज खेड तालुक्यात ट्रॅक्टरचा पल्टी नांगर विकत घेताना फाळाचा पोलाद वाजवून पाहणारा जो शेतकरी आहे, त्याच्या आजोबा-पणजोबांस पटविण्याकरिता त्या मनुष्याने किती खटाटोप केला असेल याची कल्पना करावी. पदवीने ते झाले नसते.

उलट पक्षी पदवी आणि हात यांचा विरोधच असतो असेही कोणी समजू नये. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे १८८३ साली पुण्याच्या कॉलेजातून पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. पुढल्या वर्षी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांची नेमणूक झाली. खानदेशात पांझरा नदीवर नळांचा सायफन बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले, आणि ते त्यांनी नदीकाठी राहून पुरे केले. पूर आला असता आपोआप उघडणारे व ओसरता आपोआप मिटणारे दरवाजे त्यांनी खडकवासल्याच्या धरणास १९०३ च्या सुमारास बसविले. तसेच नीरा कालव्यावर पाण्याची ब्लॉक पद्धत बसविताना बागाईतदारांचा विरोध त्यांनी समजावून दूर केला. ब्लॉकांचे हिशेब ज्याने लिहिले असतील त्या कारकुनास विचारावे. कागदावर ती पद्धत सोपी दिसते, परंतु पाटाचे पाणी कोणाच्या शेतात कोणत्या दिवशी पोहोचते हे पाटावरून चालत गेल्याशिवाय कळत नाही. आमच्या खात्यात तरी वेगळे काय? ३३ फुटी साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, हे तोंडपाठ असलेले पुष्कळ भेटतात. बांधावर उन्हात साखळी ताणून धरलेला मनुष्य मात्र त्या गुंठ्याबद्दल वेगळ्या आवाजात बोलतो.

पिंपरीचेच उदाहरण घ्या. टेल्कोचा कारखाना १९६६ च्या सुमारास येथे उभा राहू लागला तेव्हा सुमंत मुळगावकर यांनी एकदम गाड्या जोडावयास आरंभ केला नाही. आधी यंत्रे व साचे बनविण्याचा विभाग आणि शिकाऊ मुलांची शिक्षणशाळा यांची उभारणी झाली. आणि त्या उघड्या, खडकाळ माळावर झाडे लाविली, पाणी अडवून तळे केले. शिकाऊ मुलाच्या हातात प्रथम लोखंडाचा ठोकळा आणि कानस देण्याची रीत सर्व चांगल्या फिटरांच्या शाळांत आहे. शेगड्यात ठोकळा आवळावयाचा आणि कानशीने घासून त्याच्या सहाही बाजू सपाट व काटकोनात आणावयाच्या. दिवसचे दिवस जातात, तळहातास फोड येतात, आणि गुण्या लावून प्रकाशाकडे धरले की कोठून तरी उजेडाची चीर दिसतेच. मायक्रोमीटरवरील एक शतांश मिलिमीटर म्हणजे काय, हे त्या चिरेने जसे कळते तसे पुस्तकाने कळत नाही. अशा शिक्षणास १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याचा आधार आहे, आणि या पट्ट्यातील पुष्कळ जुने फोरमन त्याच वाटेने वर आले.

याच कारखान्यात १९७४ साली सुधा मूर्ती, तेव्हाच्या सुधा कुलकर्णी, यांस इंजिनियर म्हणून घेण्यात आले. तत्पूर्वी जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले होते आणि त्याविरुद्ध त्यांनी जे. आर. डी. टाटा यांस पोस्टकार्ड लिहिले, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. आम्ही ती येथे एवढ्याचसाठी सांगतो की, मुलगी इंजिनियर झाली तर तिने टेबलापाशी बसावे, यंत्राजवळ जाऊ नये, असे म्हणणारे आईबाप आपल्यात अद्याप आहेत.

ज्यास यंत्राजवळ जाण्याचा कंटाळा तो इंजिनियर दुसऱ्यांच्या माथी काय मारितो, हे शेतकऱ्याइतके कोणास ठाऊक? ट्रॅक्टरच्या किंवा फवारणी पंपाच्या एखाद्या सांध्यात असा नट सापडतो की, त्यावर पाना बसतो परंतु फिरावयास जागा नाही. तो काढण्यासाठी आधी दुसरे चार नट काढावे लागतात. चित्रात तो नट अगदी सरळ दिसला असेल. ज्याने चित्र काढिले त्याने तो नट एकदा जरी चिखलात, पेरणीच्या दिवशी, अंधार पडत असता काढिला असता, तर चित्रात दोन बोटांची जागा वाढली असती. त्या दोन बोटांची किंमत आपण दर हंगामात मेकॅनिकाच्या मजुरीत भरतो. जपानात टोयोटा कंपनीचे ताइइची ओनो हे कारखान्याच्या जमिनीवर खडूने वर्तुळ काढीत आणि इंजिनियरास त्यात कित्येक तास उभे करून केवळ पाहावयास लावीत, असे सांगतात. चाकणच्या कारखान्यांतूनही आता जागेवर जाऊन पाहण्याच्या या पद्धतीचे जपानी नाव, गेंबा, भिंतीवर लावलेले असते. नाव लाविले आहे हे चांगलेच आहे.

काही सुशिक्षित मंडळी म्हणतील की, हे सर्व जुने झाले. चाकणास आता वेल्डिंग रोबो करितात, चित्रे संगणकावर निघतात, तेव्हा हातास घट्टे पाडून घेण्याचे प्रयोजन काय? याचे उत्तर आम्ही तेथील कामगारांच्याच तोंडून ऐकले आहे. रोबो एकाच ठिकाणी लक्ष वेळा सारखे वेल्ड मारितो, हे खरे. म्हणून ते चुकीच्या ठिकाणी असले तर लक्ष वेळा चुकते. पत्रा साच्यात नीट बसला आहे काय, वेल्डचा गर नीट धरला आहे काय, हे पाहावयास नमुना कापून किंवा छिन्नीने उकलून पाहणारा मनुष्य लागतोच. आणि साखळी बंद पडली म्हणजे सर्वजण ज्याच्याकडे पाहतात, तो बहुधा कानस मारलेला असतो.

आता ज्या मुद्द्यास आम्ही मुख्य समजतो त्याकडे वळतो. बैलगाडीच्या चाकास धाव बसविताना ज्यांनी पाहिले आहे अशी पिढी अजून हयात आहे. सुतार तुंबा, आरे आणि पुठ्ठे जोडून चाक तयार करी. लोहार धावेचा घेर चाकाच्या घेराहून किंचित आखूड ठेवी. किती आखूड, हे त्याचे कसब. मग गोवऱ्यांच्या कड्यात धाव लाल होईपर्यंत तापवीत. लोखंड तापले की वाढते. सांडशीने धरून ती चाकावर उतरवीत, घणाने सारखी करीत आणि वरून पाणी ओतीत. वाफेचा लोट उठे, आरे करकरत, आणि आवळत गेलेली धाव सबंध चाकास असे जखडी की खिळ्याचे काम पडत नसे. आज चाकणच्या कारखान्यात इंजिनाच्या फ्लायव्हीलवर दात्यांचे कडे बसवितात ते याच रीतीने. कडे तापवून वाढवावयाचे, चाकावर बसवावयाचे आणि थंड होऊ द्यावयाचे. फरक इतकाच की, गोवऱ्यांच्या जागी विजेची भट्टी आहे आणि लोहाराच्या अंदाजाच्या जागी शतांश मिलिमीटरचे माप आहे. ज्या मुलाने आजोबांबरोबर धाव बसताना पाहिली, त्यास हे धड्यात शिकवावे लागत नाही. तो मापाचे कोष्टक तेवढे विचारतो.

म्हणजे कारखान्यास लागणारी अर्धी विद्या आपल्या गोठ्यात, भात्यापाशी आणि विहिरीवर पूर्वीच होती. पाभरीच्या चाड्यातून प्रत्येक नळीत सारखे बी कसे पडावे, कुळवाची फास किती कलती धरावी, वंगण किती दिवसांनी द्यावे, हे शेतकऱ्याचा मुलगा दहाव्या वर्षी पाहून शिकत असे. पुढे काय होते ते पाहा. मुलगा आठवीत गेला की बाप म्हणतो, "तू पंपाकडे येऊ नकोस, कपडे तेलकट होतील, अभ्यास कर." कडबाकुट्टीचे पाते धार लावावयास काढिले की त्यास आत पाठवितात. शिकवणीवर्गास पैसा भरितात आणि ट्रॅक्टरचे तेल बदलावयास मनुष्य बोलावितात. प्रवेश परीक्षा पर्यायांवर खुणा करण्याची. तीत कानस कशी धरावी हे कोणी विचारीत नाही, म्हणून घरीही कोणी विचारीत नाही. चार वर्षांनी तो मुलगा कारखान्याच्या दारात उभा राहतो तेव्हा मुलाखतीतला जुना फोरमन त्याच्या हातात व्हर्नियर देतो, आणि शेतकऱ्याचा मुलगा शहरातल्या मुलाइतकाच कोरा निघतो. त्याच्यापाशी जे अधिक होते तेच त्याच्या हितचिंतकांनी धुऊन टाकले.

आणि त्याच दारातून आय.टी.आय. झालेला परजिल्ह्यातील फिटर आत जातो. त्यात त्याचे काय चुकले? काम त्यास येते. चाकणात जमीन आमची गेली आणि नोकऱ्या बाहेरच्यांस मिळाल्या, ही तक्रार आम्ही ग्रामसभांतून पुष्कळ ऐकितो. तीत तथ्य आहे आणि भूमिपुत्रांच्या हक्काची मागणी करणारांशी आमचा वाद नाही. परंतु ज्या घरी डिप्लोमा व आय.टी.आय. यांस कमी प्रतीचे समजून, लग्नाच्या बाजारात चालेल म्हणून, मुलास न झेपणाऱ्या पदवीच्या वर्गात बसवितात, त्या घराने ही तक्रार थोड्या खालच्या आवाजात करावी.

निगडी-प्राधिकरणात आमच्या परिचयाचे काही निवृत्त इंजिनियर राहतात. त्यांतील एकाच्या घरी सज्जात लहान शेगडा बसविलेला आहे. मिक्सरचा कपलिंग, पंख्याचे बेअरिंग, शेजाऱ्याच्या मुलाची सायकल, सर्व तेथेच उघडते. घरच्या मंडळींस त्या लोखंडाच्या किसाचा त्रास होतो हेही खरे. आम्ही गेलो त्या दिवशी कुरडया वाळत घालावयास जागा नव्हती आणि त्यावरून बोलणी चालली होती. परंतु त्यांचा नातू सहावीत असता मल्टिमीटर लावून कोणती तार तुटली हे सांगतो.

आमची सूचना अशी आहे. आपल्या संघाने येत्या दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवसांचा पंप-दुरुस्तीचा वर्ग भरवावा. शिकविणारे बाहेरून आणू नयेत. सभासदांच्या घरी जे इंजिनियर, डिप्लोमाधारक आणि फिटर आहेत त्यांनीच शिकवावे, आणि इंजिनियराने फिटराशेजारी उभे राहून काम करावे. जे एकास येत नाही ते दुसऱ्यास येते. पहिल्या दिवशी पंप उघडून पंखा, ग्लँड आणि फूट-व्हॉल्व्ह. दुसऱ्या दिवशी स्टार्टरची पेटी, रिले व कपॅसिटर, आणि हे सर्व वीज तोडून, तारेत वीज नाही हे तपासूनच. तिसऱ्या दिवशी कडबाकुट्टीची पाती आणि फवारणी पंपाचे नोझल. आठवीच्या पुढील मुलांमुलींस आत घ्यावे, आणि त्यांचे कपडे तेलकट होतील हे आईबापांस आधीच कळवावे. जागा गावच्या शाळेच्या पडवीत मिळू शकेल. उघडण्याकरिता दोन जुने पंप आणि जळालेली एक मोटर हवी. मोटर आमच्याकडे आहे, पंपांची सोय सभासदांनी करावी आणि प्रत्येकाने आपापला पाना घेऊन यावा.